विशू काय पितो त्याची वही

आमच्या घरातला फ्रिज उघडला की मला बसस्टँडवरचं कोल्ड्रिंकचं दुकान आठवतं. दारात वरपासून खालपर्यंत बाटल्या. काळी, नारंगी, लिंबाची, आंब्याची, सगळ्या दोन-दोन लिटरच्या. दुधाच्या पातेल्याला जागा नाय, कोथिंबीर कोपऱ्यात चेंगरून मरती, पण बाटल्यांचा मान मोठा. का, तर त्या पाहुण्यांच्या!

मी सत्यभामा. पिशोरला सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. रिटायर झाले अन् माझ्या पोरानं, राजेंद्रनं, मला इथं चिकलठाण्याला फ्लॅटवर आणलं. "आई, आता तू आराम कर," म्हणाला. अन् दुसऱ्याच दिवशी विशूला माझ्या हवाली केलं. विशू म्हणजे विश्वजीत, माझा नातू, सात वर्षांचा. तक्रार करत नाय मी. विशू नसता तर ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुराड्यात मी आठ दिवस टिकले नसते. सून तनुजा सिडकोत विम्याच्या ऑफिसात आहे, नऊला जाती ती सातला येती. राजेंद्र करमाडकडं प्लॉट विकतो. विकतो म्हणजे काय, मातीत चुन्याच्या रेघा मारतो अन् तिला सिटी म्हणतो.

प्लॉट दाखवून झाला की गिऱ्हाईक घरी आणायचं ही त्याची पद्धत. म्हणतो, आपलं घर दाखवलं की माणसाचा विश्वास बसतो. मग दर रविवारी सोफ्यावर चार ढेऱ्या येऊन बसतात. "चहा घेणार?" "नको नको, उन्हाचा चहा कशाला?" "मग थंड?" "चालंल की!" चालंल की, म्हणे! घरी बायको माठातलं पाणी देती ते कसं चालतं ह्यांना? बरं, प्यायचं तर नीट प्यावं. निम्मा ग्लास पितात अन् निम्मा तसाच ठेवतात, कारण ग्लास रिकामा केला तर माणूस हावरट दिसतो. प्लॉट तर कुणी घेत नाय. ढेकर देतात अन् जातात.

मग उघडलेल्या बाटलीचं काय करायचं? फेकायची नाय. आमच्यात अन्न टाकत नायत, तो नियम राजेंद्रनं बाटलीलाही लावला. "विशू, पिऊन टाक रे, गॅस जाईल नायतर." लेकराला दोडक्याची भाजी संपव म्हणायला बापाला तोंड नाय, पण बाटली संपव म्हणायला आहे. अन् विशू लई हुशार. रविवारी सकाळपासून गॅलरीत उभा राहून गाडीची वाट बघायचा. पाहुणे आले की पहिला नमस्कार त्याचा. लोक म्हणायचे, "काय संस्कार आहेत!" मी मनात म्हणायचे, संस्कार कसले डोंबलाचे, पोरगं बाटलीला नमस्कार करतंय.

मार्च संपत आला अन् विशूची दाढ दुखायला लागली. गालाला हात लावून बसायचा, भाकरी चावेना. शेवटी तनुजानं सुट्टी टाकली अन् आम्ही तिघं सिडकोतल्या दाताच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर रूपाली म्हणून एक पोरगी. पायात पांढरे बूट, भिंतीवर हसणाऱ्या दाढेचं चित्र. मला वाटलं, हिची स्वतःची अक्कलदाढ तरी आली का नाय! पण तिनं विशूच्या तोंडात आरसा घातला अन् तिचा चेहरा उतरला.

"दोन दाढा भरून बघते. दोन दुधाच्या काढाव्या लागतील असं दिसतंय," ती म्हणाली. "पण मला काळजी या मागच्या दाढेची आहे. ही पक्की आहे, आत्ताच आली आहे, आणि हिलाही पांढरे डाग पडायला लागलेत. दुधाचे दात गेले तर पुन्हा येतील. ही गेली की गेली. हा पितो काय दिवसभर?"

तनुजानं माझ्याकडं बघितलं अन् मी तनुजाकडं बघितलं.

डॉक्टरीण म्हणाली, "एक काम करा. सात दिवस वही ठेवा. तोंडात जाणारी प्रत्येक पिण्याची गोष्ट लिहा, घरातली, बाहेरची, किती वाजता, किती. दूध, चहा, सरबत, पाणीसुद्धा. मला खरं लिहिलेलं पाहिजे. दाढ वाचवायची का काढायची, ते त्यावर ठरेल."

घरी आल्यावर तनुजानं तोंड उघडलं. आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. "आत्या, रागावू नका," ती म्हणाली, "पण दिवसभर तो तुमच्याजवळच असतो. त्याला काय दिलं जातं ते मला दिसत नाही. ऑफिसजवळ एक पाळणाघर आहे. शाळा सुटली की तिकडं ठेवू, असं माझ्या मनात आहे."

म्हणजे बघा! फ्रिजमध्ये दुकान मांडलं कुणी, अन् बदनामी कुणाची! नाचता येईना अंगण वाकडं. अन् विशूला पाळणाघरात ठेवल्यावर मी इथं कुणाचं तोंड बघू? ह्या बिल्डिंगच्या लिफ्टचं? मी म्हणलं, "वही मी लिहिते. सात दिवसांनी बोलू."

सव्वीस वर्षं रजिस्टर ठेवलंय मी. लेकरांची वजनं, उंच्या, खाऊ, लसी. सुपरवायझर बाई अचानक यायच्या, पण माझ्या रजिस्टरला एकदाही लाल शेरा पडला नाय. त्याच मापानं मी विशूची वही आखली. वार, वेळ, काय, किती, कुणी दिलं. 'कुणी दिलं' हा रकाना डॉक्टरिणीनं सांगितला नव्हता. तो मी मुद्दाम घातला.

सोमवारी पाच वाजता, नारंगी, अर्धा ग्लास, कालची उरलेली, राजेंद्रनं दिली. मंगळवारी साडेसात, आंब्याचं, एक ग्लास, तनुजानं दिलं. का दिलं? तर बाई दमून आल्या होत्या, पोरगं कटकट करत होतं, मग दार उघडलं अन् हातात ग्लास दिला. बुधवारी शेजारच्या फ्लॅटमध्ये वाढदिवस, काळं, दोन कप. मी लिहीत होते अन् मला आतून गारेगार वाटत होतं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी ह्या घराची रीत. आता बघा म्हणलं, वाकून बघणारी बाई रजिस्टरवाली आहे.

बाकीच्या ओळींत माझं होतं. सकाळी सात, दूध, एक कप, बिनसाखरेचं. साडेसात, शाळेची बाटली, पाणी. एक वाजता, पाणी. चार वाजता, खेळायला जाताना, बाटली, पाणी. 'कुणी दिलं'? आजी. माझ्या ओळी अशा स्वच्छ.

मी काय उगाच घमेंड करत नाय. लेकराला काय पाजावं हे मला शिकवायला कुणाची गरज नाय. हा राजेंद्र दीड वर्षाचा असताना त्याला अशी हगवण लागली की दोन दिवसांत डोळे खोल गेले. दवाखाना लांब, एसटी बंद. तेव्हा नर्सबाईनं मला साखर-मिठाचं पाणी करायला शिकवलं. रात्रभर चमच्यानं पाजत बसले, एक चमचा, दुसरा चमचा. उजाडता उजाडता पोरगं रडलं. त्या रडण्याचा आनंद मला अजून आठवतो. पुढं सेविका झाले तेव्हा अर्ध्या पिशोरच्या लेकरांना मी तेच पाजलं. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे, उन्हात लेकराला कोरडं पाणी द्यायचं नाय. पाण्यात ताकद पाहिजे.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरची सगीरा वर आली. तिची युसरा विशूच्या वर्गात. नवरा करीम फ्रिज दुरुस्त करतो, अख्ख्या गावाचे फ्रिज ह्याच्या हाताखालून जातात, अन् ह्यांच्या स्वतःच्या घरात एक बाटली नाय. पाहुणा गेला तर माठातलं पाणी अन् लिंबाची फोड. मी एकदा गेले होते. मला वाटलं, काय चिकट माणसं आहेत बाई!

सगीरा म्हणाली, "चाची, तुमचा विशू आमच्याकडं पानीच नाय पीता. खेळून घाम-घाम होतो, त्याची बाटली खतम होती, पण गिलास दिला तर बोलता, 'घर जाके पीता मैं'. आमचं पानी खराब लगता क्या उसको?"

पाणी तर दोघांचं एकच. नळाला आठवड्यानं पाणी, बाकी टँकर, टँकरचं सगळं एकाच टाकीत. मी म्हणलं, "अगं, लेकराला आपल्या घरचं पाणी गोड लागतं." अन् ती गेल्यावर मला लई बरं वाटलं. बघा म्हणलं, घरची ओढ आहे पोराला. माझ्या हातची सवय आहे. पाळणाघरात काय बसणार हा!

रविवारी ढेऱ्या आल्या. एक आप्पासाहेब म्हणून होते, गळ्यात साखळी, दोन बोटांत अंगठ्या. त्यांनी विशूला मांडीवर घेऊन स्वतःच्या ग्लासातून पाजलं अन् वर म्हणाले, "पोरांनी प्यायचं नाय तर काय म्हाताऱ्यांनी?" सगळे हसले. राजेंद्र सगळ्यांत मोठ्यानं हसला, गिऱ्हाईक हसलं की ह्याला हसावंच लागतं. मी स्वयंपाकघरात गेले अन् लिहिलं, दुपारी बारा, काळं, एक ग्लास, आप्पासाहेबांनी दिलं. मग अजून एक ओळ, साडेबारा, उरलेली लिंबाची, दोन ग्लास, बापानं दिली.

सोमवारी आम्ही पुन्हा डॉक्टरकडं गेलो. विशूला थेट शाळेतून घेतलं, दप्तर अन् बाटली त्याच्या गळ्यातच. ह्या वेळी राजेंद्रही आला होता, मीच त्याला आणलं होतं. आरोपी कोर्टात हजर पाहिजे. मी वही टेबलावर ठेवली, पहिलं पान उघडून.

डॉक्टरिणीनं सगळी वही वाचली. 'कुणी दिलं'च्या रकान्याशी थांबली अन् ओठ दाबून हसू आवरलं. मग म्हणाली, "वही इतकी नीट कुणी आणत नाही. कुणी लिहिली?"

"मी," मी म्हणलं. "सव्वीस वर्षं अंगणवाडी."

"साहेब, मॅडम, या बाटल्या घरातून गेल्या पाहिजेत," ती त्या दोघांना म्हणाली. "पाहुण्यासाठी आणली तरी घरात असली की मूलच पितं. फ्रिजच्या दारात ठेवायची आणि मुलाला पिऊ नको म्हणायचं, हे चालत नाही."

राजेंद्र खाली बघायला लागला. तनुजाचे कान लाल झाले. माझ्या छातीत अशी दिवाळी झाली म्हणून सांगू! पाळणाघर, म्हणे! लाव आता पाळणाघर!

पण डॉक्टरिणीचं संपलं नव्हतं. ती पुन्हा पानं चाळत होती. "फक्त मला एक कळत नाही. हे आठवड्यात सगळं मिळून नऊ-दहा ग्लास. वाईटच आहे. पण याच्या दाढा बघितल्या तर वाटतं, हा रोज, दिवसभर, घोट-घोट काहीतरी गोड पितो. वहीत तसं काही नाही. दूधही बिनसाखरेचं." तिनं विशूला खुर्चीवर घेतलं, कागदी ग्लासात पाणी भरलं अन् म्हणाली, "चूळ भर राजा."

विशूनं घोट घेतला अन् थू करून टाकला. "हे पाणी खराब आहे."

"खराब नाही रे, फिल्टरचं आहे."

"कडू आहे," विशू म्हणाला. "पाणी असं नसतं."

"मग कसं असतं?"

"गोड असतं." त्यानं गळ्यातली बाटली काढली अन् तिच्यापुढं धरली. "हे बघ, हे पाणी."

डॉक्टरिणीनं झाकण उघडलं. बाटलीच्या तोंडाशी बोट फिरवलं, बोटाला बोट लावून बघितलं, चिकटलं. मग उरलेलं पाणी पांढऱ्या बेसिनमध्ये ओतलं, ते गढूळ होतं.

"आजी, यात काय टाकता?"

अन् मी, ठणकावून, त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ग्लुकोज! उन्हाचं लेकराला कोरडं पाणी देत नाय मी. चार चमचे. सलाईनमधून दवाखान्यात तेच देतात ना?"

तिनं वहीतल्या 'पाणी'च्या ओळीवर बोट ठेवलं.

"दिवसातून किती बाटल्या?" डॉक्टरिणीनं हळू विचारलं.

"तीन."

"किती दिवसांपासून?"

मी बोटांवर हिशोब करायला गेले. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात सुरू केलं होतं. पावसाळा आला तेव्हा बंद करायचं राहून गेलं. मग थंडीतही राहून गेलं. दोन वर्षं. दोन वर्षांत ह्या पोरानं माझ्या हातचं साधं पाणी प्यायलं नव्हतं.

डॉक्टरीण मला रागावली नाय. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आजी, हगवणीत, तापात, साखर-मिठाचं पाणी वेगळं. ते औषध आहे. रोज घोट-घोट हे दिलं की दात दिवसभर साखरेत बुडून राहतात. बाटल्यांपेक्षा हे जास्त. आजपासून फक्त पाणी. दाढ वाचवायचा प्रयत्न करू."

रिक्षात तनुजा माझ्याकडं पाठ करून बाहेर बघत बसली. मला वाटलं, घरी गेल्यावर फुटेल. मला भांडणारीशी बोलता येतं, गप्प बसणारीशी येत नाय. घरी गेल्यावर तिनं पदर खोचला, फ्रिज उघडला अन् एकेक बाटली बेसिनमध्ये ओतायला लागली. फेस वर आला. राजेंद्र म्हणाला, "अगं, रविवारी करमाडचे लोक येणारेत..." तिनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. राजेंद्र गॅलरीत निघून गेला.

मी आतल्या खोलीत गेले. पलंगाखालून ग्लुकोजचा डबा काढला. वर हिरवं टोपण, आत मोजायचा चमचा. डबा नवीन होता, परवाच आणलेला, महिन्याला चार लागायचे. मला वाटायचं, तनुजा कुठं इतका जीव लावती पोराला? मी माझ्या साठवलेल्या पैशांतून आणते, कुणाला सांगत नाय. लई मोठी शहाणी मी! दुसऱ्यांच्या फ्रिजवर तोंड सोडायचं अन् स्वतःच्या पलंगाखाली दुकान ठेवायचं. त्या ढेऱ्या निदान रविवारी यायच्या, मी तर रोज तीनदा यायचे. थू माझ्या तोंडावर!

मग मी वही घेतली अन् लाल पेन शोधलं. जिथं जिथं 'पाणी' लिहिलं होतं तिथं रेघ मारली अन् पुढं लिहिलं, ग्लुकोज, चार चमचे. सात दिवस, रोज तीन. एकवीस रेघा. चौऱ्याऐंशी चमचे. शेवटच्या रकान्यात मात्र काय बदलायची गरज नव्हती, तिथं माझंच नाव होतं. सव्वीस वर्षांत माझ्या रजिस्टरला लाल शेरा पडला नव्हता, तो मीच मारला.

वही अन् डबा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. दोन्ही तनुजापुढं ठेवलं. म्हणलं, "तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. लाव पाळणाघर."

तिनं पानं उलटली. लाल रेघा बघत राहिली. मग डबा उघडून बेसिनमध्ये उलटा केला, त्यावर नळ सोडला अन् म्हणाली, "पाळणाघराचं नंतर बघू, आत्या. पण उद्यापासून त्याची बाटली मी भरीन."

मला लागलं. पाळणाघरापेक्षा ते जास्त लागलं. सकाळी साडेसातला बाटली भरून त्याच्या गळ्यात अडकवायची, हे माझं काम होतं. पण तोंड उघडायला तोंड कुठं होतं?

तेवढ्यात विशू आला, युसराबरोबर खेळून, घामेजून लाल झालेला. "आजी, पाणी!"

तनुजानं माझ्याकडं बघितलं, मग बाजूला सरकली. मी ग्लास विसळला, माठातलं पाणी घेतलं अन् त्याच्या हातात दिलं. त्यानं घोट घेतला, थांबला. दुसरा घोट घेतला. ह्या वेळी थुंकला नाय. ग्लासात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या लेकराचा चेहरा असा पडला.

"आजी," तो म्हणाला, "तू माझ्यावर रागावली का गं?"

"नाय रे राजा," मी म्हणलं. त्यानं ग्लास माझ्या हातात परत दिला अन् उरलेलं अर्धं पाणी मी प्यायले.